साडेनऊ गुण आणि एक रजा

शारजाच्या ब्रिटिश छावणीत कामाला असलेल्या आम्हा रत्नागिरीकडच्या माणसांना एका वेळी एकच रजा मिळत असे. एक जण घरी जाऊन परत आला की मगच दुसऱ्याने अर्ज करायचा, आणि तोही पुढच्या सालासाठी. नियम छावणीचा नव्हता. छावणीला माणसे पुरवणाऱ्या कंत्राटदाराचा होता, आणि त्यामागचे कारण त्याने कधी लपवले नाही. दोघे एकदम गेले तर दोन नवी माणसे आणावी लागतात, आणि नवी माणसे चुका करतात.

ही साठीच्या दशकाच्या पहिल्या वर्षांतली हकिकत आहे. आज ज्याला अमिराती म्हणतात तो देश तेव्हा झालेला नव्हता. शारजाच्या ज्या भागात आता गॅरेजे आणि गोदामांच्या रांगा आहेत तिथे नुसती वाळू होती, आणि तिच्यावरून गाडी न्यायची तर आधी टायरमधली हवा कमी करावी लागे. बाजारात रुपया चालत असे. तो दिसायला आपल्यासारखाच होता, फक्त मुंबईत चालत नसे.

मी त्या कंत्राटदाराच्या कचेरीत कारकून होतो. त्याआधी मुंबईत एका मराठी दैनिकात उपसंपादक म्हणून काम केले होते. क्रीडापानासाठी परदेशी तारा मराठीत आणायच्या हे माझ्याकडे असे. क्रिकेट आणि हॉकी घ्यायची, टेनिस जागा उरली तर, आणि रग्बीची तार सरळ टोपलीत टाकायची, अशी तिथली रीत होती. त्या खेळाशी माझा संबंध एवढाच होता. पण छावणीतल्या आमच्या माणसांत रग्बी हा शब्द आधी ऐकलेला मी एकटाच, म्हणून पुढच्या प्रकरणात जाणकार म्हणून मलाच धरण्यात आले.

गावात खाडीजवळ आमची एक भाड्याची खोली होती. चौघे राहत होतो. सर्वांत वडील तो सारंग. आयुष्यभर जहाजावर खलाशांचा मुकादम होता, आता छावणीच्या गोदामावर राखण करी. खोलीतले तंटे तोच मिटवी. त्या हिवाळ्यात रजा मागणारे दोघेही याच खोलीतले निघाले, त्यामुळे तंटा त्याच्यासमोर आला.

पहिला सार्जंटांच्या मेसमधला स्वयंपाकी. पूर्वी तोही जहाजावर होता. जहाजावरच्या स्वयंपाक्याला भंडारी म्हणतात, आणि किनाऱ्याला लागल्यावरही सगळे त्याला भंडारीच म्हणत. पन्नाशीचा, जाड, चालताना नेहमी बोट हलते आहे अशा बेताने पाय टाकणारा. त्याच्या मुलीचे लग्न ठरले होते. नवरा मुलगा खलाशी. त्याचे जहाज मार्चमध्ये मुंबईहून सुटणार होते आणि वर्षभर परतणार नव्हते. निकाह त्याआधी व्हायला हवा होता. आमच्याकडे मुलीच्या वतीने बाप बसतो. बाप नसेल तर चुलता. भंडारीचे आपल्या भावाशी एका विहिरीवरून पंधरा वर्षे बोलणे नव्हते. तो स्वतः फेब्रुवारीच्या बोटीने गेला नाही, तर त्याच्या मुलीला देण्यासाठी त्याच्या जागी तो भाऊ बसणार होता.

दुसरा लाँड्रीतला इस्त्रीवाला. तिशीचा, लुकडा, बोलण्यात तिखट. घरची मासळीची बोली लावणारी माणसे. लहानपण जेटीवर गेलेले. त्याला दोन वर्षांचा मुलगा होता, आणि तो त्याने फक्त फोटोत पाहिला होता.

भंडारीने गोष्ट काढली ती जेवताना.

“यंदा मला जायला लागेल. पोरीचं आहे.”

“पोरीचं आहे तर मुबारक,” इस्त्रीवाला म्हणाला. “पण अर्ज मी देणार.”

“अरे, तुझं काय अडलंय? तुझा पोरगा काय पळून चाललाय?”

“पळायलाच लागला असेल, चाचा. दोन वर्षांचा झाला.”

“थट्टा नको करू.”

“थट्टा नाही. गेल्या साली एकाची आई आजारी. त्याच्या आदल्या साली एकाचं घर पडलं. यंदा तुमचं लग्न. माझ्याकडे ना कोण मरत, ना कोण लग्न करत. म्हणून मी इथेच कपडे भाजत राहू?”

त्यात खोटे काही नव्हते.

अशा वेळी खोलीत चिठ्ठ्या टाकायची रीत होती. सारंगाने टोपी काढली. इस्त्रीवाल्याने हात आडवा केला. आदल्या वर्षी त्या आजारी आईवाल्याशी त्याच्या चिठ्ठ्या टाकल्या होत्या, आणि चिठ्ठी उचलणारा त्या जिंकलेल्याचा मावसभाऊ होता हे त्याला नंतर कळले होते. दोघेही आता दुबईला दुसऱ्या कामावर गेले होते, तेव्हा विचारायला कोणी नव्हते. पण कागद दुमडून टोपीत टाकणे यावरचा त्याचा विश्वास उडाला होता.

“चिठ्ठी आपण लिहायची, आपण दुमडायची, आपणच उचलायची,” तो म्हणाला. “असं काहीतरी सांगा ज्याला आपल्यातला कोणाचा हात लागणार नाही.”

तसे काही सुचेना म्हणून तो विषय चार दिवस तसाच राहिला. पाचव्या दिवशी इस्त्रीवाला टेबलक्लॉथ पोहोचवायला सार्जंट मेसमध्ये गेला, आणि तिथल्या काळ्या पाटीवर खडूने लिहिलेला एक आकडा पाहून आला.

त्या शुक्रवारी छावणीच्या संघाचा रग्बीचा सामना होता. पाहुणे होते अबू धाबीकडच्या तेलाच्या कामावरचे गोरे लोक. वाळूतून आणि समुद्रकाठाने दिवसभर गाडी हाकून ते येणार होते. छावणीत तरणे शिपाई शेकड्यांनी होते, पाहुण्यांना पंधरा माणसे जमवतानाच नाकी नऊ येत. छावणी जिंकणार हे सगळ्यांना ठाऊक होते. अशा सामन्यावर पैज लावायची कशी, कारण छावणी हरेल असे म्हणणारा सापडणारच नाही. म्हणून मेसच्या सार्जंटने पाटीवर लिहिले होते: छावणी, उणे साडेनऊ. पाहुणे, अधिक साडेनऊ. पैज बिअरच्या डब्यांची होती, आणि दर दहा डब्यांमागे एक डबा सार्जंट मेसच्या नाताळासाठी बाजूला काढत असे.

हा सार्जंट उतारवयाचा होता. फाळणीपूर्वी देवळालीला होता, आणि तिथले हिंदी त्याला अजून येत असे, विशेषतः हुकूम आणि शिव्या. इस्त्रीवाल्याशी त्याचे बरे होते. तो आकडा कशाचा, हे त्याने समजावून सांगितले होते. ते इस्त्रीवाल्याला अर्धे कळले, आणि उरलेले अर्धे मी सांगावे अशी त्याची अपेक्षा होती.

गुरुवारी दुपारच्या नमाजानंतर आम्ही चौघे खोलीच्या दारात बसलो होतो. मी सांगितले ते असे. सामना संपल्यावर जे गुण होतील त्यांतून छावणीचे साडेनऊ वजा करायचे. वजा करूनही छावणी पुढे राहिली, तर छावणीवर लावणारा जिंकला. मागे पडली, तर पाहुण्यांवर लावणारा जिंकला, मग मैदानावर पाहुणे हरलेले का असेनात. म्हणजे छावणीला नुसते जिंकून भागत नाही, दहा गुणांनी जिंकावे लागते. पाहुण्यांना नऊ गुणांनी हरायची मुभा आहे.

“हरून जिंकायचं?” भंडारीने विचारले.

“पैजेत. मैदानात नाही.”

“आणि हा अर्धा गुण कोण करतो?”

“कोणीच नाही. त्या खेळात अर्धा गुण नसतो.”

“मग लिहिला कशाला?”

“बरोबरी होऊ नये म्हणून. नऊ लिहिले आणि छावणी बरोबर नऊने जिंकली, तर निकालच लागत नाही.”

“अर्धी बकरी कोणी कुर्बान करत नाही,” भंडारी म्हणाला. “पण यांच्या हिशेबात चालते.”

इस्त्रीवाला अधीर झाला होता. “चाचा, तेल मापताना काय करतो आपण? एका पारड्यात रिकामं भांडं, मग दुसऱ्यात खडे टाकून आधी पारडी सारखी करायची. त्याला धडा म्हणतात ना? हे साडेनऊ म्हणजे धडा. पाहुणे हलके आहेत म्हणून त्यांच्या पारड्यात खडे. आता पारडी सारखी. तुम्ही कुठल्यापण बाजूला बसा.”

मला त्या वेळी हे उदाहरण अगदी चपखल वाटले. क्रीडापानावर असतो तर वापरले असते.

सारंगाने बिडी पेटवली. त्याची अडचण निराळी होती. “जुगार आहे हा,” तो म्हणाला. “चिठ्ठी टाकायला हरकत नाही, मजहबात मनाई नाही. पैज हराम आहे.”

“आपण काय लावतोय, सारंगबाबा?” इस्त्रीवाल्याने विचारले. “आपल्या खिशातलं काय जातंय? रजा माझी नाही, त्यांची नाही, कंत्राटदाराची आहे. ते गोरे डबे लावतील, त्यांचं ते बघतील. आपण फक्त त्यांचा आकडा घेतो, चिठ्ठीऐवजी.”

सारंगाने बिडी संपेपर्यंत विचार केला. मग त्याने अट घातली. जो हरेल त्याची पुढच्या सालची रजा आताच ठरली; त्या वेळी कोणाच्या घरी लग्न असो की मयत, कोणी मध्ये बोलायचे नाही. म्हणजे पैजेत कोणाचे काही बुडत नाही, फक्त मागेपुढे होते. दोघांनी मान डोलावली. मीही साक्षीला होतो.

बाजू कोणी निवडायची याचा प्रश्न उरला. आदल्या वर्षी इस्त्रीवाला हरला होता म्हणून सारंगाने त्याला आधी विचारले. त्याने क्षणभरही वेळ लावला नाही.

“छावणी. मी त्यांचे शर्ट धुतो. कोणाची छाती केवढी, मला विचारा. त्या तेलवाल्यांना मी पाहिलंय, त्यांच्यात निम्मे इंजिनियर आहेत.”

“घे,” भंडारी म्हणाला. “मी त्यांना जेवायला घालतो. छातीखाली काय आहे ते मला ठाऊक आहे.”

सारंगाने दोघांना हात मिळवायला लावले आणि आम्ही उठलो.

शुक्रवारी जुम्याची नमाज झाल्यावर आम्ही छावणीकडे चालत गेलो. मला कचेरीतून एक कागद मेसमध्ये द्यायचा होता, म्हणून मी पुढे झालो. पाटीवर साडेनऊ नव्हते. ते पुसून तिथे साडेसहा लिहिले होते.

सार्जंट तिथेच होता. मी कारण विचारले. छावणीचा लाथ मारून गुण मिळवणारा चांगला गडी आदल्या रात्री पोटाने आडवा झाला होता, तो खेळणार नव्हता. शिवाय पाहुण्यांनी दुबईच्या धक्क्याबाहेर नांगरलेल्या एका जहाजावरून दोन दांडगे गडी उचलून आणले होते. ही बातमी फुटल्यावर सकाळपासून जो येई तो पाहुण्यांवर डबे लावू लागला. एका बाजूला फार डबे झाले तर ते द्यायचे कोठून? म्हणून त्याने आकडा खाली आणला. तसा आणला की पाहुण्यांवर लावणे महाग होते आणि लोक पुन्हा छावणीकडे वळतात. त्याला कोण जिंकतो याच्याशी कर्तव्य नव्हते. दोन्ही बाजूंना सारखे डबे असले की त्याचा दहावा डबा सुरक्षित.

तेव्हा माझ्या लक्षात आले की आमच्या खोलीतले उदाहरण चुकले होते. धडा एकदा बांधला की बदलत नाही. पाटीवरचा आकडा हा बाजारभाव होता. आम्ही तो वजनासारखा मोजलेला, साहेबाच्या हुकुमासारखा पक्का मानला होता. छावणीत पाटीवर जे लिहिले जाई ते हुकूमच असे, आणि हुकूम खोडून लिहिलेला आमच्यापैकी कोणी पाहिला नव्हता. कोणत्या दिवसाचा आकडा धरायचा हे ठरवून घ्यायचे म्हणूनच कोणाला सुचले नाही.

मी बाहेर येऊन तिघांना सांगितले. भंडारीला आकडा उतरला म्हणजे चांगले की वाईट ते लगेच कळले नाही. इस्त्रीवाल्याला कळले.

“भाव उतरला,” तो म्हणाला. “मग आता सातने जिंकले तरी माझंच.”

“तू काल साडेनऊला हात मिळवलास,” भंडारी म्हणाला.

“काल पाटीवर साडेनऊ होते. आज साडेसहा आहेत. पाटी ती पाटी.”

“कालची पाटी!”

“खलास,” सारंग म्हणाला. “भांडण उद्याचं आज नको. कदाचित लागणारच नाही. आधी खेळ बघा.”

मैदान म्हणजे दाबून सपाट केलेली वाळू. कडेच्या रेषा इंजिनाच्या जुन्या तेलाने ओढलेल्या. दोन टोकांना उंच खांब आणि त्यांच्यामध्ये आडवी दांडी. पलीकडच्या बाजूला गोऱ्यांच्या खुर्च्या, अलीकडे आम्ही, काही पठाण मजूर आणि उंटावरून उतरून पाहायला थांबलेले दोघे अरब. पंधरा आणि पंधरा माणसे एका लांबोळ्या चेंडूसाठी वाळूत लोळत होती. पंधरा मिनिटांत सगळ्यांचे गुडघे सोलले. एका अरबाने आम्हाला विचारले की यांचे भांडण कशावरून आहे.

गुणांची पद्धत मी आदल्या दिवशी विचारून ठेवली होती. चेंडू रेषेपलीकडे नेऊन टेकवला की तीन. त्यानंतर लाथ मारून खांबांमधून काढला की आणखी दोन. समोरच्याने नियम मोडला आणि शिक्षेची लाथ खांबांमधून गेली तरी तीन. मी गुणसंख्या मोठ्याने सांगत होतो, आणि तिघे ती आपापल्या परीने मनात फिरवत होते.

मध्यंतराला छावणी नऊ, पाहुणे सहा होते. भंडारी खूश होता. इस्त्रीवाला खाली बसून वाळू चिवडत होता.

“काय रे, छातीची मापं कुठे गेली?”

“थांबा जरा. तुमचे इंजिनियर दमू द्या.”

ते दमले. उत्तरार्धात छावणीने आणखी एकदा चेंडू टेकवला, त्यावरची लाथही बसली, आणि पुढे शिक्षेच्या लाथेचे तीन मिळाले. सतरा आणि सहा. अकराचे अंतर. काल धरा की आज धरा, रजा इस्त्रीवाल्याची होती. तो उठून उभा राहिला. भंडारीने टोपी काढून मांडीवर ठेवली आणि ती पुन्हा घातली नाही. तो मैदानाकडे पाहत नव्हता, समोरच्या वाळूकडे पाहत होता. बहुधा त्याच्या डोळ्यांसमोर मांडवात बसलेला भाऊ असावा; पण हे मी त्याला विचारले नाही, आणि त्याने सांगितलेही नाही.

सामना संपायला काही मिनिटे उरली असताना छावणीच्या एकाने काहीतरी चूक केली आणि पंचाने शिट्टी मारली. पाहुण्यांना शिक्षेची लाथ मिळाली. सामना हातचा गेलेला होता. तीन गुण मिळून काही फरक पडणार नव्हता. तरीही पलीकडच्या खुर्च्यांमधली निम्मी माणसे उठून उभी राहिली आणि ओरडू लागली. ती छावणीचीच माणसे होती. आधी साडेनऊच्या भावाने पाहुण्यांवर डबे लावणारे ते हेच. आपल्याच संघाविरुद्ध गुण व्हावा म्हणून ते गळा फोडत होते, आणि त्यांच्या शेजारी बसलेले त्यांना शिव्या देत होते.

“आता काय?” भंडारीने विचारले.

“ही गेली तर आठचं अंतर,” मी म्हणालो. “साडेनऊ धरले तर तुम्ही. साडेसहा धरले तर तो.”

“या अल्ला,” सारंग म्हणाला. तो म्हणाला होता की भांडण कदाचित लागणारच नाही.

जहाजावरून आणलेल्यांपैकी एकाने टाचेने वाळूत खळगा केला, चेंडू उभा केला आणि मागे चालत गेला. चेंडू खांबांच्या मधून गेला. सतरा आणि नऊ. थोड्या वेळाने पंचाने शेवटची शिट्टी मारली. छावणी जिंकली, आणि पलीकडे हरलेल्यांसारखे चेहरे घेऊन अर्धी छावणी मेसकडे चालू लागली.

आमच्याकडे दोघे एकदम बोलायला लागले. सारंगाने दोघांना थांबवले.

“हा आकडा आपला नाही. ज्याचा आहे त्याला विचारायचं. काल घेतलेली बोली कालच्या भावाने फिटते की आजच्या, एवढंच.”

“मी विचारून येतो,” मी म्हणालो. कागदाच्या निमित्ताने मी मेसमध्ये जाऊ शकत होतो.

“तुम्ही नको, बाबू.” सारंगाने इस्त्रीवाल्याकडे बोट केले. “तू जा.”

भंडारी उसळला. “त्यालाच पाठवता? त्याला पाहिजे तेच उत्तर घेऊन येईल तो!”

“त्यालाच.”

“बाबूला बरोबर द्या तरी.”

“एकटा जाईल,” सारंग म्हणाला. “यल्ला, जा.”

इस्त्रीवाला गेला. आम्ही तिघे मैदानाच्या कडेला बसून राहिलो. अरब उंटांवर बसून निघून गेले. वारा पडला होता, मेसमधून हसण्याचे आवाज येत होते. भंडारी दोनदा उठला आणि दोनदा बसला. मेसचे मागचे दार आमच्यापासून दूर होते. सार्जंट आणि इस्त्रीवाला तिथे उभे असलेले दिसत होते, ऐकू येत नव्हते. सार्जंटने काहीतरी विचारले. इस्त्रीवाल्याने उत्तर दिले. सार्जंटने खांदे उडवले, हातातला डबा तोंडाला लावला आणि आत गेला. इस्त्रीवाला तिथेच थोडा वेळ उभा राहिला. मग आमच्याकडे यायला निघाला. वाटेत एकदा थांबला आणि चपलेतली वाळू झाडली. ती झाडण्याची गरज नव्हती, कारण पुढेही वाळूच होती.

जवळ आल्यावर तो सारंगाशी बोलला, भंडारीशी नाही.

“त्याने विचारलं, हात केव्हा मिळवला? मी म्हटलं, काल. तो म्हणाला, काल तर साडेनऊ.”

त्याने दुसऱ्या चपलेतलीही वाळू झाडली.

“त्याला विचारायला जायची गरजच नव्हती,” तो म्हणाला. “जेटीवर माझा बाप सकाळी मासळीची पाटी उचलायचा, अन् दुपारी चार होड्या अजून लागल्या की भाव अर्धा. म्हणून काय सकाळच्या पाटीचे पैसे अर्धे देत होता? सकाळचा तो सकाळचा. मला कालपासूनच माहीत होतं. उगाच पाटी पाटी करत होतो.”

भंडारीने टोपी घातली. मग तो म्हणाला, “आज मेसमध्ये मटण केलंय. तुझ्यासाठी काढून ठेवतो.”

“नळीचं ठेवा. नाहीतर हाडं द्याल.”

सारंग उठला. माझ्या समजुतीप्रमाणे त्याला हे उत्तर येणार हे ठाऊक होते असे नाही. नंतर एकदा मी त्याला विचारलेही. तो म्हणाला, उत्तर कोणते येईल ते माहीत नव्हते. पण भंडारीच्या बाजूचे उत्तर दुसऱ्या कोणी आणले असते तर इस्त्रीवाल्याने ते आयुष्यभर मानले नसते.

शनिवारी भंडारीचा अर्ज मी कंत्राटदारापुढे ठेवला. त्याने कोणाचे लग्न, कोणाची पाळी, काही विचारले नाही. परत केव्हा येणार एवढे विचारले आणि सही केली.

बोट दुबईच्या खाडीबाहेर खोल पाण्यात थांबत असे, आणि तिच्यापर्यंत मचव्याने जावे लागे. आम्ही तिघे पोहोचवायला गेलो. भंडारीने दोन ट्रंका, एक गुंडाळलेला गालिचा आणि खजुरांचे डबे घेतले होते. मचव्यात सामान चढल्यावर इस्त्रीवाला त्याच्याजवळ गेला. त्याने खिशातून पांढऱ्या जाड दोऱ्याची गुंडी काढली.

“आमच्या घरी जालच. पोराला भिंतीला उभं करा आणि हा दोरा डोक्यापासून टाचेपर्यंत धरा. तिथे गाठ मारा. फोटोत उंची कळत नाही. पोराच्या बाजूला कधी खुर्ची असते, कधी बकरी. खुर्ची केवढी अन् बकरी केवढी कुणाला माहीत.”

“आणतो, इन्शाल्ला.”

“आणि मुबारक. पोरीला सांगा.”

निकाह वेळेवर झाला. भंडारी स्वतः बसला. भाऊ आला होता, जेवून गेला, दोघे बोलले मात्र नाहीत. हे सगळे भंडारीने परत आल्यावर सांगितले. मार्चच्या शेवटी तो मचव्यातून उतरला तेव्हा आधी त्याने ट्रंक खाली ठेवली, सदऱ्याच्या आतल्या खिशातून दोरा काढला आणि इस्त्रीवाल्याच्या हातात दिला. दोऱ्याला एकाऐवजी दोन गाठी होत्या.

“ही गेलो त्या दिवशीची,” तो म्हणाला. “ही निघालो त्या दिवशीची.”

दोन गाठींमध्ये बोटाच्या पेरापेक्षा थोडे कमी अंतर होते. इस्त्रीवाल्याने दोऱ्याचे एक टोक पायाच्या अंगठ्याखाली दाबले, दोरा ताणून वर घेतला आणि गाठ आपल्या मांडीवर कुठे येते ते पाहिले. बराच वेळ तसाच वाकून उभा राहिला.

“तुम्ही उगाच लवकर आलात, चाचा,” तो म्हणाला. “अजून थांबला असतात तर अजून वाढला असता.”

“आता पुढचं तू जाऊन मोज,” भंडारी म्हणाला, आणि ट्रंक उचलायला त्याने दुसऱ्या बाजूची कडी इस्त्रीवाल्याकडे केली.